दाराबाहेरून

माझे दोन्ही हात शाबूत आहेत. ११ हजार आणि ६६ हजार व्होल्टच्या शेजारी उभं राहून ज्याने पोट भरलं, त्याने हे वाक्य लिहावं याला वजन आहे, कारण या धंद्यातल्या प्रत्येकाला ते लिहिता येत नाही. मला येतं ते अण्णांमुळे. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याविषयी लिहायचं म्हटलं की आधी यशवंतपूरच डोळ्यांपुढे येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बाहेरच्यांना यशवंतपूर म्हणजे रेल्वे स्टेशन, फार तर कांदा-बटाट्याचं मार्केट यार्ड. विजेच्या माणसाला मात्र हा टापू वेगळा दिसतो. स्टेशनापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. जुनी माणसं अजून तिला टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. १९०९ची ही संस्था, आणि तिथला विजेचा विभाग १९११पासूनचा. तिच्या शेजारी मैसूर संस्थानाने उभारलेला चिनीमातीचा कारखाना, जिथे तारांना पेलणारे इन्सुलेटर घडायचे. पुढे तो भेलकडे गेला. सदाशिवनगरच्या बाजूला १९६० साली सुरू झालेली सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूट, जिच्या चाचणी-अहवालाला देशभर मान. आणि मल्लेश्वरमच्या पश्चिम टोकाला, आज जिथे ओरायन मॉल आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा आहे तिथे, किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी १९४६ साली ही कंपनी काढली, आणि बेळगाव, हुबळी, मिरजेकडची कितीतरी घरं तिच्यामागे बंगळुरात आली.

माझ्या मते या सगळ्याचं मूळ शिवनसमुद्रात आहे. १९०२ साली कावेरीच्या धबधब्यावरची वीज तारांवरून सुमारे दीडशे किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोचली, आणि १९०५ साली बंगळुराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. एवढ्या लांब वीज न्यायची तर व्होल्टेज चढवावं लागतं, आणि व्होल्टेज चढलं की तिला आवरून धरणाऱ्या वस्तू लागतात: चिनीमाती, तेल, कागद, पुढच्या काळात इपॉक्सी आणि पॉलिथिलीन. तांब्यातून वीज वाहते हे सगळ्यांना माहीत असतं. ती तांब्याबाहेर पडत नाही, यामागे केवढी मेहनत आहे, ते आम्हा मूठभरांनाच ठाऊक.

माझे मामा किर्लोस्करांकडे वाइंडिंगला होते. १९९१च्या पावसाळ्यात बेळगावचा डिप्लोमा घेऊन मी त्यांच्या मत्तिकेरेच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. एका रविवारी ते मला यशवंतपूरच्या इंडस्ट्रियल सबर्बमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे अण्णा होते. मूळचे निपाणीचे, एका ट्रान्सफॉर्मर कारखान्याच्या टेस्ट बेमध्ये उमेदीची वर्षं काढलेले, आणि आता दोघा भागीदारांबरोबर कारखान्यांच्या एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, सप्लायची तपासणी करून देणारे. त्यांनी माझ्या गुणपत्रिकेकडे पाहिलं नाही. घरी कोण कोण आहे ते विचारलं, आणि मग म्हणाले, “ऐकू नीट येतं का रे तुला?”

येतं म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातात हातभर लांबीचा सागवानी दांडका दिला. एक टोक शेडमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावायला सांगितलं. “सुम्मनिरु,” म्हणाले. गप्प राहा. काम सुरू करताना ते सगळ्यांना हेच सांगायचे, मग समोर मराठी असो, तेलुगू असो की कारखान्याचा मालक. मला सलग घुमणारा आवाज ऐकू आला. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० फेऱ्या करते आणि प्रत्येक फेरीत गाभ्याचं पोलाद दोनदा ताणलं जाऊन सैल होतं, म्हणून हा घुमार १०० हर्ट्झचा असतो. अण्णा म्हणाले, “हे त्याचं निरोगी बोलणं. आधी हे पाठ कर. हे पाठ झाल्याशिवाय दुसरं काही ऐकायला मिळणार नाही.” पुढचे कित्येक आठवडे त्यांनी मला निरोगी यंत्रंच ऐकवली.

‘दुसरं काही’ म्हणजे काय, ते इथे नीट सांगायला हवं, कारण अण्णांचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. केबलच्या टोकाला किंवा इपॉक्सीच्या ओतीव भागात कधीकधी बारीकशी पोकळी राहून जाते. भोवतालच्या घन इन्सुलेशनपेक्षा त्या पोकळीतल्या हवेवर विजेचा ताण दोन ते चार पट जास्त पडतो. आणि हवा तर दुबळी. साधारण मिलिमीटरला ३ हजार व्होल्टच्या पुढे ती तग धरत नाही. मग त्या पोकळीपुरती एक ठिणगी पडते आणि विझते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती जात नाही, म्हणून तिला पार्शल डिस्चार्ज म्हणायचं. आम्ही नुसतं पीडी म्हणतो. ही ठिणगी काही नॅनोसेकंद टिकते. तिचा विद्युतभार पिकोकूलोममध्ये मोजतात, म्हणजे कूलोमच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग. दिवा लुकलुकत नाही, मीटर हलत नाही, ब्रेकरला पत्ता नसतो. पण व्होल्टेजच्या प्रत्येक फेरीत ती पुन्हा पडते, रात्रंदिवस, महिनोन्महिने, आणि प्रत्येक वेळी पोकळीची भिंत कणभर जाळते. त्यातून कोळशाच्या रेघा निघतात, फांद्या फुटतात. शेवटी एक दिवस त्यातली एक फांदी पलीकडे पोचते. त्या दिवशी जे होतं, त्याला कारखान्यात लोक ‘अचानक उडालं’ म्हणतात.

अण्णांना हा शब्द सहन व्हायचा नाही. अचानक काही उडत नाही, ते कित्येक महिने सांगत असतं, असं ते रागाने म्हणायचे. एरवी रागावणारा माणूस नव्हता. या रागामागे काय होतं ते मला त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सांगितलं. रात्रीचं काम उरकून मी बऱ्याचदा त्यांच्याकडेच जेवायचो. भाकरी, वांग्याचं भरीत आणि निपाणीहून आलेली चटणी. परगावी पहिल्या वर्षात ज्या घरी पोटभर जेवायला मिळालं, त्या घराचं देणं वेगळंच असतं. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

गोष्ट अशी. अण्णांचे एक सोबती होते, त्यांना सगळे मेस्त्री म्हणत. दोघांनी एकत्र उमेदवारी केलेली. एका कारखान्यात, त्याचं नाव इथे नको, ११ हजार व्होल्टच्या पॅनेलमधून काही दिवस उग्र वास येत होता. पीडीच्या आसपासच्या हवेत ओझोन तयार होतो, त्याचा तो वास. सप्लाय बंद करायला वरून परवानगी मिळेना. मग ‘जरा उघडून बघू’ म्हणून चालू पॅनेलचं दार उघडलं गेलं. अण्णा दोन हात मागे उभे होते, मेस्त्री पुढे. झोत बाहेर आला. मेस्त्री वाचले, पण दोन्ही हातांची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. पुढे त्यांनी यशवंतपूर मार्केटजवळ झेरॉक्सचं दुकान टाकलं, आणि दर शनिवारी संध्याकाळी अण्णा तिथे जाऊन बसत. दोघं फारसं बोलत नसत. अण्णा कागद लावून द्यायचे, मेस्त्री पैसे घ्यायचे.

त्यानंतर अण्णांनी एकच नियम केला आणि तो आमच्यातल्या कुणालाही मोडू दिला नाही: चालू पॅनेलचं दार उघडायचं नाही. जे कळायचं ते दाराबाहेरून कळलं पाहिजे. आज बाजारात दाराबाहेरून कळवणारी कितीतरी यंत्रं मिळतात, त्यामुळे हा नियम साधा वाटेल. पण १९९१ साली आमच्यासारख्या लहान कंत्राटदाराच्या हाती होते ते इन्सुलेशन मोजणारा मेगर, तेलाच्या बाटल्या, कान आणि नाक. ज्या गोष्टीची साधनं अजून हातात आलेली नाहीत तिचा आग्रह त्यांनी धरला होता, आणि साधनं येईपर्यंत तो सोडला नाही. याला मी द्रष्टेपण म्हणतो.

उघडायचं नाही यामागे जीव वाचवण्याखेरीज दुसरंही शहाणपण होतं, ते मला हळूहळू कळलं. ट्रान्सफॉर्मर उघडला की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि सुकवलेला कागद पाणी पिऊ लागतो. बरं चाललेलं जोडकाम खोलून पुन्हा आवळलं की ते पहिल्यासारखं बसेलच असं नाही. जुन्या पॉलिथिलीन केबलवर डीसीचा जबर दाब देऊन परीक्षा घ्यायची त्या काळी सर्रास पद्धत होती. अण्णांना ती पटायची नाही. त्या दाबाने इन्सुलेशनमध्ये भार साचून राहतो, आणि परीक्षेत पास झालेली केबल सप्लाय दिल्यावर काही दिवसांनी फुटते, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे जगभर हेच मान्य झालं. मी पुढे सीपीआरआयमध्ये एका प्रशिक्षणाला गेलो तेव्हा फळ्यावर हे कारण समीकरणांसकट मांडलेलं पाहिलं, आणि निपाणीचा हा माणूस ते समीकरणांशिवाय किती आधी बोलत होता, हे आठवून छाती भरून आली.

तरी अण्णा पुस्तकी विद्येला कमी लेखणारे नव्हते. उलट. टाटा इन्स्टिट्यूटचा ओपन डे असायचा, त्या दिवशी आम्हाला सुट्टी आणि हजेरी सक्तीची. हाय व्होल्टेजच्या प्रयोगशाळेपुढे शाळकरी मुलांची रांग लागलेली असायची, तिच्यात अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून उभे. आत इम्पल्स जनरेटर. एर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्याने १९२०च्या दशकात काढलेली ही युक्ती: कपॅसिटरांच्या चळती समांतर जोडून भरायच्या आणि एका क्षणात एकापुढे एक जोडून रिकाम्या करायच्या, की मानवनिर्मित वीज कडाडते. पोरं किंचाळायची, टाळ्या वाजवायची. अण्णा मात्र तिथल्या विद्यार्थ्यांना गाठून प्रश्न विचारायचे: पीडी मोजताना बाहेरचा गोंगाट कसा गाळता? कॅलिब्रेशन किती वेळाने करता? त्या मुलांनीही त्यांना कधी झिडकारलं नाही. एकाने आपली टिपणं झेरॉक्स करून दिली, आणि ती झेरॉक्स अर्थातच मेस्त्रींच्या दुकानात निघाली. त्या अनोळखी विद्यार्थ्याचंही माझ्याकडे देणं आहे. आयईसी ६०२७० हे पीडी मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे हे मला त्याच पानांवरून कळलं, आणि यंत्राला वेगळा कपॅसिटर जोडून, सप्लायची खास व्यवस्था करून करायची ही चाचणी चालू कारखान्यात का जमत नाही, तेही.

मग चालू यंत्राचं कसं कळणार? अण्णा म्हणायचे की ठिणगी पडली तर ती चार दिशांनी बातमी पाठवते. आपल्याला निदान एका दिशेला उभं राहता आलं पाहिजे. पहिली बातमी तेलातून. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ठिणगी पडली की हायड्रोजन सुटतो, जबर आर्क असेल तर ॲसिटिलीन. माक्स बुखहोल्ट्झ नावाच्या जर्मन अभियंत्याने १९२१ साली हे वायू पकडून घंटा वाजवणारा रिले काढला. तो आजही मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या मानेत बसलेला असतो. पण घंटा वाजते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. चालू ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून बाटलीभर तेल काढून त्यातले विरघळलेले वायू मोजले, तर ते कितीतरी आधी कळतं. कॅनडातल्या क्वेबेकच्या मिशेल ड्यूव्हाल यांनी १९७०च्या दशकात त्या वायूंच्या प्रमाणावरून दोष ओळखायचा त्रिकोण आखला. आमच्या शेडच्या भिंतीवर तो त्रिकोण रंगवलेला होता, शेजारी शारदेची तसबीर.

दुसरी बातमी ध्वनीची. माणसाच्या कानाला ऐकू येतं ते जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत. हवेतल्या पीडीचा बराचसा आवाज त्याच्या वर असतो. तो पकडून खालच्या पट्टीत आणणारा, हेडफोन लावून ऐकायचा डिटेक्टर आम्ही १९९०च्या दशकाच्या शेवटी कर्ज काढून घेतला. त्याविषयी मला थोडं थांबून सांगायचं आहे.

टेस्ट बेमध्ये काढलेल्या वर्षांनी अण्णांचे कान गेले होते. ट्रान्सफॉर्मरचा घुमार त्यांना स्पष्ट यायचा, पण वरच्या पट्टीतलं काही नाही. घरी कुकरची शिट्टी झालेली कळायची नाही, अक्का हाताने खूण करायच्या. कामावर ते हे कुणाला कळू देत नसत. चरचर आहे का ते मला विचारायचे आणि वास स्वतः घ्यायचे. डिटेक्टर आला त्या दिवशी आम्ही एका कारखान्याच्या सबस्टेशनमध्ये गेलो. पहिल्यांदा मी हेडफोन लावला, पॅनेलच्या फटींवरून नळी फिरवली, आणि एका ठिकाणी तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं ऐकू आलं. मी हेडफोन त्यांच्या कानांना लावला. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मग नळी थोडी डावीकडे नेली, पुन्हा उजवीकडे आणली. “हेच,” म्हणाले. “मी तीस वर्षांपूर्वी ऐकायचो ते हेच.” यंत्राने आवाज खालच्या पट्टीत आणला होता, त्यांच्या कानांना जी पट्टी उरली होती तिथे. त्या दिवशी त्यांनी सबस्टेशनमधलं प्रत्येक पॅनेल दोनदा ऐकलं. कर्जाचे हप्ते मला नंतर कधी जड वाटले नाहीत.

तिसरी बातमी अधिक नवलाची. लोखंडी पॅनेलच्या आत ठिणगी पडली की तिच्यातून रेडिओलहरी निघतात. लोखंड त्यांना अडवतं, पण सांध्यांच्या आणि गॅस्केटच्या फटींतून त्या निसटतात आणि पॅनेलच्या बाहेरच्या पत्र्यावरून पसरत जातात. पत्रा अर्थला जोडलेला असूनही त्याच्यावर क्षणभर काही मिलिव्होल्ट उमटतात. इंग्लंडमधल्या जॉन रीव्ह्ज यांनी १९७०च्या दशकात हे हेरलं, आणि त्याला ट्रान्झियंट अर्थ व्होल्टेज हे नाव पडलं. आमच्या बोलण्यात टीईव्ही. हातात मावणारं यंत्र बंद दाराला टेकवायचं आणि आकडा वाचायचा. दार उघडायचं नाही! हे यंत्र पहिल्यांदा हातात आलं तेव्हा अण्णा शनिवारी ते मेस्त्रींना दाखवायला दुकानात घेऊन गेले होते. मेस्त्रींनी ते आपल्या वाकड्या बोटांत धरलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि कन्नडमध्ये विचारलं, किती वर्षं झाली हे शोधून? अण्णांनी सांगितलं नाही. मीही नाही.

चौथी बातमी त्याहून वरच्या लहरींची, ३०० मेगाहर्ट्झपासून पुढे. एसएफ६ वायू भरलेल्या बंद सबस्टेशनांमध्ये, म्हणजे जीआयएसमध्ये, तीच सगळ्यांत उपयोगी पडते. स्कॉटलंडमधल्या टॉर्नेस अणुवीज केंद्रात १९८६ साली ब्रायन हॅम्प्टन यांनी अशा लहरी टिपणारी साधनं कायमची बसवली, आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. बंगळुरात जागेची टंचाई वाढली तसे ६६ हजार व्होल्टचे जीआयएस इमारतींच्या पोटात आले. अण्णांना त्यातलं थोडंच पाहायला मिळालं.

यंत्रं आली तरी अण्णांचा खरा धडा यंत्राचा नव्हता, वहीचा होता. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या. प्रत्येक कारखान्याचं वेगळं पान, आणि प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, हवा दमट की कोरडी, लोड किती, आणि पॅनेलला हात लावण्याआधी खिडकीच्या लोखंडी चौकटीवर किंवा शटरवर घेतलेला आकडा. तो आधी घ्यायचाच, कारण यशवंतपूर आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतींत हवेत गोंगाट फार. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू असतं, मोटारींचे ड्राइव्ह असतात, रुळांवरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेवर इंजिनाचा पँटोग्राफ ठिणग्या पाडत जातो. हे सगळं पॅनेलच्या पत्र्यावर उमटतं. चौकटीवर जेवढा आकडा तेवढाच पॅनेलवर, तर पॅनेलचा दोष नाही. एका रांगेतली पाच पॅनेलं सारखी बोलतात आणि सहावं चढ्या आवाजात, तर सहाव्याकडे बघा. आणि आजच्या आकड्यावरून निकाल देऊ नका. मागच्या महिन्याचा, मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवा. अण्णांना माणसांविषयीही घाईने मत देताना मी पाहिलं नाही, पण ते या धंद्यातून आलं की ते आधीपासूनच तसे होते, ते सांगता येणार नाही.

तुमकूर रस्त्यावरच्या एका कारखान्याचं पान मला अजून तोंडपाठ आहे. ११ हजार व्होल्टच्या पॅनेलांच्या रांगेत तिसऱ्याचा आकडा दर खेपेला थोडा वर जात होता. कारखान्याने आपल्या खर्चाने इन्फ्रारेड कॅमेरावाला बोलावला; त्याला काही दिसलं नाही. दिसणारच नव्हतं. कॅमेऱ्याला तापलेला जोड दिसतो, बंद पत्र्याआड पोकळीत पडणारी पिकोकूलोमची ठिणगी त्याला कशी दिसणार? पण चित्र निळंशार आलं, सगळ्यांचं समाधान झालं, आणि अण्णांनी अहवालावर ‘ठीक’ असं लिहून सही करावी असा आग्रह सुरू झाला. पुढच्या वर्षाचं कंत्राट त्या सहीवर होतं, आणि आमच्या शेडचं भाडं त्या कंत्राटावर. अण्णांनी लिहिलं: तिसरं पॅनेल, केबल बॉक्सची बाजू, शटडाउन घेऊन तपासावं. कंत्राट गेलं. भागीदारांपैकी एकजण त्याच महिन्यात वेगळा झाला. अण्णांनी त्याचा हिशेब चोख चुकता केला आणि त्याच्या मुलीच्या लग्नातही जाऊन आले.

काही महिन्यांनी त्या कारखान्यात नवे इलेक्ट्रिकल इनचार्ज आले. त्यांनी जुने कागद वाचले आणि आयुधपूजेच्या सुट्टीत शटडाउन देतो असा निरोप पाठवला. बंगळुरात त्या दिवशी यंत्रं थांबतात, त्यांना हळदकुंकू लागतं, दारात कोहळा फुटतो. पूजा उरकल्यावर आम्ही लाइन क्लिअरन्स घेतला, डिस्चार्ज रॉड लावला, अर्थिंग केलं, आणि मगच मागचं झाकण काढलं. मधल्या फेजच्या केबल टर्मिनेशनवर हिरवट पांढरी भुकटी बसली होती. पीडीमुळे हवेतला नायट्रोजन आणि ओलावा यांतून तयार होणारं नायट्रिक ॲसिड तांब्याला लागलं की ती बसते. टर्मिनेशन कापून पाहिलं तेव्हा पॉलिथिलीनवर सुरीचा एक बारीक चरा सापडला. केबल बसवताना वरचा काळा थर सोलणाऱ्याचा हात थोडा जड पडला होता, एवढंच. त्या चऱ्यातून कोळशाची फांदी निघून बरीच आत गेली होती. नवं टर्मिनेशन बसवून सप्लाय दिल्यावर तिसऱ्या पॅनेलचा आकडा खिडकीच्या चौकटीइतका खाली आला. इनचार्ज साहेबांनी अण्णांचे हात धरले. अण्णांनी तो कापलेला तुकडा मागून घेतला आणि पुढे प्रत्येक नव्या मुलाला आधी तो चरा बोटाने चाचपायला लावला.

मी स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा पहिल्या मोठ्या कंत्राटाच्या पैशातून काही रक्कम पाकिटात घालून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाकीट अक्कांकडे दिलं, अक्कांनी ते देवापुढे ठेवलं आणि जेवण झाल्यावर मला परत दिलं. अण्णा म्हणाले, “मला काय करायचंय? मेस्त्रींचा धाकटा आयटीआय झालाय. त्याला घे. पण एक सांगतो, त्याच्या आईला मी शब्द दिलाय.” कोणता शब्द ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला विचारावं लागलं नाही.

धाकटा माझ्याकडे आला. हुशार आणि शांत पोरगा, वडिलांसारखाच कमी बोलणारा. त्याला मी दांडक्यापासून शिकवलं. त्याने पुढचं स्वतः मिळवलं: पीडीचा प्रत्येक ठोका व्होल्टेजच्या फेरीत नेमका कुठे पडतो त्याचं चित्र वाचायला तो माझ्यापेक्षा चांगलं शिकला. पोकळीतला पीडी फेरीच्या दोन्ही अर्ध्यांत सारखा पसरतो, उघड्या टोकावरचा कोरोना आधी ऋण शिखराशी गोळा होतो, आणि मोबाइलचा गोंगाट फेरीला जुमानतच नाही, सगळीकडे विखुरतो. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर चार जागी ध्वनीचे सेन्सर चिकटवून, तेलात आवाज सेकंदाला साधारण १४०० मीटर जातो या हिशेबाने, दोष टाकीत कुठल्या कोपऱ्यात आहे तेही तो काढतो. अण्णांनी हे पाहायला हवं होतं. मेस्त्रींनी पाहिलं. मुलगा कामाला निघताना ते दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन उभे राहायचे.

लाल वह्या आता त्याच्याकडे आहेत. मी त्या त्याला दिल्या, कारण अण्णांनी मला त्या कधी ‘दिल्या’ नव्हत्या. मी पुढे लिहीत गेलो म्हणून त्या माझ्याकडे राहिल्या. तो आता लिहितो, म्हणून त्याच्याकडे. नोंदी संगणकात भरून झाल्या आहेत, तरी वही चालूच आहे, आणि खिडकीच्या चौकटीचा रकाना सर्वांत आधी.

काल रात्री त्याचा फोन आला, एका जीआयएसमधून. आम्ही अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलतो. चित्रात दोन्ही अर्ध्यांत ठिपके आहेत पण फार थोडे, लोड बदलला तरी जागा सोडत नाहीत, साहेबांना आजच्या आज उत्तर हवं आहे, काय सांगू? बाहेरचा आकडा घेतलास का, मी विचारलं. घेतला होता. मागच्या वेळचा? मागच्या वेळी एकही ठिपका नव्हता. मग काय सांगायचं ते तुला माहीत आहे, मी म्हटलं. साहेब नाराज होतील, तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात काळजी नव्हती. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी, त्याच लोडवर पुन्हा मापतो, आणि शटडाउनचा अर्ज मात्र आजच लिहून देतो.